अंश हाती, छेद अज्ञात

दर वर्षी ८ जून हा ‘जागतिक ब्रेन ट्यूमर दिन’ म्हणून पाळला जातो. जर्मनीतील एका रुग्णसाहाय्य संस्थेने २००० साली ही प्रथा सुरू केली व पुढे ती अन्य देशांत पसरली. त्या सुमारास वृत्तपत्रांतून दोन विधाने हमखास वाचावयास मिळतात. एक, मेंदूतील गाठींचे रुग्ण झपाट्याने वाढत आहेत; दुसरे, अमुक रुग्णालयात उपचार घेतलेल्यांपैकी इतके टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात आहेत. पहिल्या विधानाने वाचक धास्तावतो, दुसऱ्याने त्याला धीर येतो. या दोन्ही विधानांचा उगम बहुधा एकाच ठिकाणी असतो, आणि ते ठिकाण म्हणजे रुग्णालयाची कर्करोग-नोंदवही. ही नोंदवही काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. आकडा खरा असूनही त्यावरून काढलेले अनुमान साफ चुकीचे असू शकते, ही गोष्ट संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविली जाते. सार्वजनिक चर्चेत तिचा विसर पडतो.

ही नोंदवही तयार होते ती अगदी कारकुनी पद्धतीने. रुग्णालयातील नोंदणी-कर्मचारी प्रत्येक केसपेपर उघडून पाहतो. रुग्णाचे वय, गाव, गाठीची जागा, बायोप्सीचा निष्कर्ष, दिलेले उपचार आणि रुग्णाशी शेवटचा संपर्क कोणत्या तारखेस झाला, एवढा मजकूर तो ठरावीक तक्त्यात उतरवून घेतो. केसपेपरवर जे लिहिलेले नाही ते त्याला लिहिता येत नाही, आणि रुग्णालयात जो आलाच नाही त्याचा केसपेपर नसतो. साधी वाटणारी ही मर्यादा पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे.

भारतात कर्करोगाची मोजदाद दोन वाटांनी होते. पहिली वाट लोकसंख्याधिष्ठित नोंदणीची. एखादे शहर वा तालुका आखून घ्यावयाचा, तेथील सर्व रुग्णालये, प्रयोगशाळा व मृत्यू-नोंदीची दफ्तरे धुंडाळावयाची, आणि त्या क्षेत्रातील रहिवाशांपैकी किती जणांना रोग झाला हे ठरवावयाचे. या मार्गाने जाणारी देशातील पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१च्या अखेरीस आखला गेला व १९८२पासून त्याखाली माहिती गोळा होऊ लागली. १९८७मध्ये बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. दुसरी वाट रुग्णालयीन नोंदणीची. तिच्यात दारात आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद होते, मग तो परळचा असो वा पाटण्याचा.

दुसरी वाट सोपी आहे व वैद्यकीय तपशिलाच्या दृष्टीने अधिक समृद्धही आहे. २०१२ ते २०१९ या काळात देशातील ९६ रुग्णालयांनी मिळून १३,३२,२०७ कर्करुग्णांची नोंद केली आणि त्यांपैकी ६,१०,०८४ नोंदींचे विश्लेषण २०२१ साली प्रसिद्ध झाले. एवढा मोठा संग्रह तुच्छ लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्याला अंश आहे, छेद नाही. रुग्णालयात शंभर रुग्ण आले, हा अंश. ते किती लोकसंख्येतून आले? पाच लाखांतून की पाच कोटींतून? याचे उत्तर नोंदवहीत नसते, आणि छेदावाचून अपूर्णांक होत नाही. म्हणूनच केवळ रुग्णालयीन नोंदींवरून रोग ‘वाढला’ असे म्हणणे म्हणजे बाजारातील एका दुकानाची विक्री वाढली म्हणून गावाचे उत्पन्न वाढले असे म्हणण्यासारखे आहे. दुकानदाराने पाटी मोठी लावली असेल, किंवा शेजारचे दुकान बंद पडले असेल.

छेद हाती असतानाही सावधगिरी लागते, हे महाराष्ट्रातल्याच एका उदाहरणावरून दिसते. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२०च्या अहवालात पुरुषांमधील सर्व कर्करोगांचे वयानुरूप प्रमाण मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात लाखामागे २६९.४ असे सर्वाधिक आढळले, तर उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड या जिल्ह्यांत ते ३९.५ असे सर्वांत कमी होते. या तफावतीत आहाराचा, तंबाखूच्या सवयींचा खरा वाटा निश्चितच आहे. तथापि मेंदूच्या गाठीबाबत एक वेगळा प्रश्न उभा राहतो. तोंडातील व्रण डोळ्यांना दिसतो, स्तनातील गाठ हाताला लागते. कवटीच्या आतील गाठ मात्र यंत्रावाचून दिसत नाही. वांत्या, डोकेदुखी, फेफरे, एका अंगाची कमजोरी यांपैकी कोणत्याही लक्षणावर गाठीचे नाव लिहिलेले नसते. ज्या घरातून स्कॅनच्या यंत्रापर्यंतचा प्रवास घडला नाही, त्या घरातील मृत्यू ‘लकवा’ वा ‘झटके’ या नावानेच स्मरणात राहतो.

यंत्र आले, रोग ‘वाढला’

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला गेला. १९७९ साली त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी मेंदूतील गाठ शोधावयाची तर मेंदूभोवतीच्या पोकळीत हवा भरून वा रक्तवाहिनीत औषध सोडून क्ष-किरणचित्रे घ्यावी लागत. हा प्रकार इतका क्लेशकारक होता की म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर सहसा त्या वाटेला नेत नसत. सीटी स्कॅन आल्यानंतरच्या वर्षांत पाश्चात्त्य देशांत वृद्धांमधील ब्रेन ट्यूमरचे आकडे चढू लागले व मोठा वाद माजला. पर्यावरण बिघडले, रसायने वाढली, अशी कारणे पुढे आली. त्या वाढीचा बराच मोठा भाग पूर्वी न सापडणाऱ्या गाठी आता सापडू लागल्याचा होता, असे पुढील परीक्षणांतून मानले गेले. ज्या जिल्ह्यात आज पहिले एमआरआय यंत्र बसते, तेथे हीच कथा पुन्हा घडणार. म्हणजे रोगाचा आलेख हा पुष्कळदा आधी यंत्राचा आलेख असतो. मोबाइल फोनमुळे मेंदूचे कर्करोग वाढले असे सांगणारे गृहस्थ रुग्णालयातील वाढत्या गर्दीकडे बोट दाखवितात, तेव्हा त्याच कालखंडात यंत्रे किती वाढली हे विचारण्याची तसदी ते घेत नाहीत.

कोणत्या प्रकारच्या गाठी अधिक, या प्रश्नाबाबतही रुग्णालयाचे दार आपला ठसा उमटविते. टाटा स्मारक रुग्णालयातील मेंदू-कर्करोग विभागात २००६ या एका वर्षात आलेल्या साडेसहाशेच्या आसपास रुग्णांत तारकाकृती आधारपेशींपासून उद्भवणाऱ्या गाठींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते व त्यांतील बहुसंख्य गाठी उग्र स्वरूपाच्या होत्या. अमेरिकेची राष्ट्रीय ब्रेन ट्यूमर नोंदणी पाहिली तर सर्वाधिक आढळणारी गाठ निराळीच आहे. ती म्हणजे मेंदूच्या आवरणाची, बहुधा सौम्य असणारी मेनिंजिओमा. एकूण गाठींत तिचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात जातो. यावरून भारतीयांच्या मेंदूत उग्र गाठी अधिक होतात असा निष्कर्ष काढावयाचा काय? मुळीच नाही. अमेरिकेने २००२ साली खास कायदा करून सौम्य गाठींचीही नोंद सक्तीची केली व २००४पासून त्या मोजल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे कर्करोग-नोंदणीचा भर दुर्धर गाठींवर आहे. आणि मेनिंजिओमाचा रुग्ण कर्करोग रुग्णालयात सहसा जातच नाही. सर्वसाधारण रुग्णालयातील मेंदू-शल्यचिकित्सक ती गाठ काढतो, रुग्ण घरी जातो, किरणोपचाराची गरज पडत नाही. परळमध्ये केईएम आणि टाटा ही रुग्णालये एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. पण एकाच्या शस्त्रक्रियागृहातून बरा होऊन बाहेर पडलेला रुग्ण दुसऱ्याच्या नोंदवहीत शिरत नाही. जोसेफ बर्कसन या अमेरिकन वैद्यक-संख्याशास्त्रज्ञाने १९४६ साली हा दोष दाखवून दिला होता. रुग्णालयात येण्याची शक्यताच ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्या गोष्टींचे परस्परसंबंध रुग्णालयातील रुग्णांवरून ठरवू गेल्यास भलतेच नाते दिसू लागते.

वयाचेही तसेच. मेंदूच्या कर्करोगांत सर्वांत उग्र असलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या अमेरिकन रुग्णांचे मध्यक वय चौसष्ट-पासष्टच्या आसपास आहे. भारतीय रुग्णालयांतून प्रसिद्ध होणाऱ्या नोंदींत ते पन्नाशीच्या आसपास असते. आपली लोकसंख्या तरुण असल्याने काही फरक आपोआपच पडतो. परंतु त्याखेरीज एक कटू वास्तव आहे. सत्तरीच्या वृद्धाची वाचा गेली, तोंड वाकडे झाले, तर खेड्यातील घर त्याला अंथरुणावर ठेवते, मुंबईला आणत नाही. कमावत्या मुलाला आणते.

आणि मुलीला? सात मोठ्या रुग्णालयांतील ३,९३६ बालरुग्णांच्या मेंदूगाठींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात तारकाकृती पेशींच्या गाठी ३४.७ टक्के, तर मेड्युलोब्लास्टोमा व तत्सम गाठी २२.४ टक्के होत्या. बालवयातील गाठींची ही ठेवण जगातील अन्य नोंदींशी बरीचशी जुळते. परंतु बालकर्करोगाच्या सर्वच प्रकारांबाबत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत असे आढळले की, लोकसंख्याधिष्ठित नोंदींत मुलींच्या सुमारे दीडपट मुलगे आहेत, तर उपचारासाठी मोठ्या रुग्णालयांत आलेल्यांत ते दुपटीच्या घरात आहेत. रोगनिदान ते उपचार या वाटेवर कोठेतरी मुली गळतात. रुग्णालयाची नोंदवही एकटीच वाचणारा म्हणेल की, हा रोग मुलग्यांना अधिक होतो. दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवणाऱ्याला त्यात कुटुंबाचा जमाखर्च दिसेल.

बेपत्ता रुग्ण

आता हयातीच्या टक्केवारीकडे वळावयास हवे, कारण खरा प्रश्न तेथे आहे. ग्लिओब्लास्टोमावरील उपचारांत २००५ साली एक महत्त्वाचा टप्पा आला. युरोप व कॅनडातील ५७३ रुग्णांवरील चाचणीत केवळ किरणोपचार घेतलेल्यांच्या जीवितकालाचा मध्यक १२.१ महिने होता. सोबत टेमोझोलोमाइड हे औषध घेतलेल्यांचा १४.६ महिने. अडीच महिन्यांचा हा लाभ ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, परंतु दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले, हे लक्षात घेतले पाहिजे. मध्यक जे लपवितो ते शेपटी दाखविते. हे औषध आता भारतीय कंपन्याही बनवितात. अर्थात त्या चाचणीत सत्तरीपलीकडील रुग्ण नव्हते, शारीरिक अवस्था फार खालावलेले नव्हते, आणि प्रत्येकाचा माग शेवटपर्यंत ठेवला गेला होता. नोंदवहीतील रुग्णांची गोष्ट तशी नसते.

समजा, एका रुग्णालयात एका वर्षी शंभर रुग्ण आले. दोन वर्षांनी पाहिले तर चाळीस जण दगावल्याची निश्चित माहिती आहे, वीस जण हयात असल्याचे ठाऊक आहे, आणि चाळीस जणांचा पत्ताच नाही. या रुग्णालयाचे हयातीचे प्रमाण किती? बेपत्ता चाळीस जणांना हयात धरले तर ६० टक्के. मृत धरले तर २० टक्के. त्यांना हिशेबातून वगळले तर साठांपैकी वीस, म्हणजे ३३ टक्के. तिन्ही उत्तरे एकाच नोंदवहीतून निघतात, तिन्हींची बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, आणि जाहिरातीत यांपैकी कोणते येईल हे सांगण्यास संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

संख्याशास्त्रात यावर उपाय नाही असे नव्हे. कॅप्लन व मायर यांनी १९५८ साली मांडलेल्या पद्धतीत रुग्ण जोवर नजरेच्या टप्प्यात आहे तोवर त्याला हिशेबात धरतात व पुढे सोडून देतात. परंतु या पद्धतीच्या पोटात एक गृहीत आहे. जे दिसेनासे झाले त्यांचे नशीब, जे दिसत राहिले त्यांच्यासारखेच असावे. मुंबईच्या लोकल गाडीत पास विसरलेल्या प्रवाशांविषयी असे गृहीत धरता येईल. ब्रेन ट्यूमरच्या रुग्णाविषयी ते धरवत नाही. काही जण बरे झाल्यामुळे फिरकत नाहीत, हे खरे. पण उग्र गाठीचा रुग्ण येईनासा होतो तो बहुतेक वेळा येण्याच्या स्थितीत नसतो म्हणून. म्हणजे बेपत्ता रुग्ण जितके अधिक, तितकी टक्केवारी अधिक गोंडस. रुग्णांचा पाठपुरावा न करणाऱ्या रुग्णालयाला मिळणारे हे एक विचित्र बक्षीसच म्हणावयाचे.

रुग्ण दृष्टीआड का होतो, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात शोधून सापडणार नाही. ग्लिओब्लास्टोमाचा प्रचलित किरणोपचार तीस बैठकांचा असतो. आठवड्यास पाच या हिशेबाने सहा आठवडे. नांदेडचा शेतमजूर सहा आठवडे मुंबईत राहणार, म्हणजे त्याच्यासोबत निदान एक जण राहणार, कारण फेफरे येणाऱ्या माणसाला एकट्याने ठेवता येत नाही. दोघांची मजुरी बुडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळाला तर ठीक, नाही तर पदपथ आहेच. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या व २०१७पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रिया व किरणोपचाराच्या बिलाचा भार पुष्कळ हलका केला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बुडालेली मजुरी, गाडीभाडे व सोबत्याचे जेवण ही बिले रुग्णालय देत नाही, म्हणून योजनाही भरत नाही. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी व स्कॅन. तिसऱ्या खेपेला गाडीभाड्याची सोय होत नाही आणि केसपेपरवरची ‘शेवटच्या संपर्काची तारीख’ तेथेच गोठते. या तारखेनंतरचे आयुष्य, मग ते आठ दिवसांचे असो वा आठ वर्षांचे, शास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

या बेपत्तांचा शोध लागतो, पण त्यासाठी पायपीट करावी लागते. मुंबई, मद्रास, बार्शी येथील नोंदणी-कर्मचाऱ्यांनी पत्रे पाठवून, मृत्यू-नोंदींची दफ्तरे चाळून, प्रसंगी घरोघर जाऊन ही माहिती मिळविली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने विकसनशील देशांतील हयातीच्या प्रमाणावर १९९८ साली पहिला ग्रंथ काढला, त्यात या तिन्ही ठिकाणांना स्थान मिळाले ते या श्रमामुळे. बार्शीचे कर्मचारी गावोगाव फिरून जाणत्या मंडळींकडे चौकशी करीत. या कामाला ना प्रतिष्ठा, ना बढती. नवे यंत्र बसविले की उद्घाटनाला मंत्री येतात. नोंदणी-लिपिकाची कंत्राटी जागा कायम झाली तर बातमीही होत नाही.

तुकड्यांची अदलाबदल

एक शेवटची गफलत शिक्षक-वाचकांना चटकन कळेल. ‘अ’ तुकडीतील सर्वांत कच्ची पाच मुले ‘ब’ तुकडीत घातली, आणि ती ‘ब’मधील सरासरी मुलांहून थोडी बरी असली, तर दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते. एकाही मुलाला एक गुणही अधिक मिळालेला नसतो. आल्व्हन फाइन्स्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली कर्करोगाच्या आकडेवारीतील हा प्रकार उघडकीस आणला. मेंदूच्या गाठींत त्याचा धोका विशेष, कारण त्यांच्या तुकड्या वारंवार बदलत असतात. २००८ साली आयडीएच या जनुकातील बदलाचा शोध लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली व पुन्हा २०२१ साली वर्गीकरण बदलून, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपाऐवजी जनुकीय लक्षणांना निर्णायक स्थान दिले. पूर्वी मध्यम उग्र गणल्या गेलेल्या काही गाठी आता ग्लिओब्लास्टोमात गेल्या, तर पूर्वीच्या ग्लिओब्लास्टोमांतून आयडीएच-बदल असलेल्या, तुलनेने दीर्घकाळ जगू देणाऱ्या गाठी बाहेर निघाल्या. उपचाराच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच आहे. परंतु २०१५च्या आणि २०२५च्या टक्केवारीची तुलना करणाऱ्याने आधी तुकड्या तपासाव्यात. त्यातही जेथे जनुकीय तपासणीची सोय वा ऐपत नाही, तेथे जुनेच नाव लिहिले जाते. म्हणजे एकाच नावाखाली दोन रुग्णालयांत दोन भिन्न रोग नोंदले जातात.

या साऱ्यावरून रुग्णालयीन नोंदवही निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. उपचार किती दिवसांनी सुरू झाले, किती जणांनी अर्धवट सोडले, कोणत्या जिल्ह्यातून कोणीच येत नाही, मुली किती येतात, या प्रश्नांची उत्तरे तिच्याइतकी चांगली कोणीच देऊ शकत नाही. तिला रोगाची जनगणना मानण्याऐवजी आरोग्यव्यवस्थेची हजेरीपत्रिका मानावे. हजेरीपत्रिका गैरहजरांमुळेच वाचनीय होते. हयातीचे प्रमाण छापताना शंभरांपैकी किती जणांचा माग लागला नाही हा आकडा शेजारी छापलाच पाहिजे, एवढा नियम केला तरी निम्मी फसगत टळेल. सौम्य मेंदूगाठी नोंदणीत आणाव्यात; त्यांनी दृष्टी जाते, माणूस अपंग होतो, आणि त्यांचा खर्चही सौम्य नसतो. कर्नाटक, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, पंजाब यांसारख्या काही राज्यांनी कर्करोगाची खबर देणे बंधनकारक केले. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेही २०२२ साली देशभर तसे करण्याची शिफारस केली.

मृत्यू-नोंदींशी जोडणी हा यातील सर्वांत स्वस्त उपाय ठरावा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन राष्ट्रीय पातळीवरील माहितीकोशाची तरतूद झाली व १ ऑक्टोबर २०२३पासून ती अमलात आली. बेपत्ता रुग्णांची यादी त्या कोशाशी ताडून पाहिली तर ते हयात आहेत की नाहीत, हे गावोगाव न फिरताही बऱ्याच अंशी कळेल. मृत्यूचे कारण मात्र तेथे फारसे सापडणार नाही. २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. उरलेल्यांसाठी बार्शीच्या वाटेनेच, गावातल्या जाणत्या माणसाला विचारीत जावे लागेल, आणि त्या पायपिटीचा भत्ता कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचा हे अर्थखात्याने ठरवावे.